दोन जिवांची चक्कर

लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली ती गरोदर बायकांच्या रक्ताचा अभ्यास करायला. गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला तेच हे वर्ष. शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये गरोदरपणी रक्त कमी होऊन बायका दगावत होत्या, आणि हे नेमकं कशाने होतं ते कुणाला कळत नव्हतं. परळच्या हाफकिन संस्थेत रक्ताचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की तांबड्या पेशी संख्येने थोड्या दिसत, आकाराने मात्र नेहमीपेक्षा मोठ्या. विल्सने आधी जंतुसंसर्गाचा माग काढला, पण हाती काही लागलं नाही. मग तिने या बायका कुठे राहतात आणि त्यांच्या ताटात काय पडतं याची चौकशी केली. भाज्या, फळं आणि दूध त्यांच्या जेवणात जेमतेमच होतं. पुढे यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रजांच्या न्याहारीत पावाला लावायचं मार्माइट, या बायकांना देऊन पाहिल्यावर त्यांचं रक्त भराभर सुधारलं. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या गुणकारी घटकाला दहा वर्षांनी फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं.

आज आरोग्य उपकेंद्रात गरोदर बाईला जी तांबडी गोळी मिळते तिच्यात लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. त्या गोळीचा एक धागा परळपर्यंत पोचतो, हे ती देणाऱ्या आशाताईंनाही बहुधा ठाऊक नसेल.

विल्सचं मोठेपण शोधात आहेच, पण त्याआधी ते चौकशीत आहे. बाई काय खाते, कशी राहते, किती वेळ उभी असते, हे विचारल्याशिवाय तिच्या अशक्तपणाचा उलगडा होत नाही. गरोदरपणातल्या चकरेबाबत आपल्या घरांमध्ये हीच चौकशी राहून जाते. सुनेला घेरी आली की दोन तयार उत्तरं पुढे येतात. पहिलं उत्तर, ‘होतंच असं, आम्हाला नाही का झालं?’ दुसरं, ‘आता अजिबात उठायचं नाही, पडून राहायचं.’ पहिल्यात दुर्लक्ष आहे, दुसऱ्यात धास्ती. पण चक्कर कधी आली, कुठे आली आणि त्या वेळी ती काय करत होती, हे दोन्हींत कुणी विचारत नाही. या प्रस्तावनेचा सगळा भर त्या तीन प्रश्नांवर आहे, कारण बहुतेक वेळा उपाय त्यांच्या उत्तरातच असतो.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. गर्भ राहिल्यावर प्रोजेस्टेरॉन आणि इतर संप्रेरकांच्या प्रभावाने रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात. वारेकडे आणि बाळाकडे भरपूर रक्त जावं यासाठीची ही सोय आहे. वाहिन्या रुंदावल्या की त्यांतला दाब उतरतो. त्याची भरपाई म्हणून शरीर रक्ताचं पाणी वाढवतं, हृदय मिनिटाला दहा-वीस ठोके जास्त टाकू लागतं आणि दर मिनिटाला तीस ते पन्नास टक्के अधिक रक्त पुढे ढकलतं. पण या सगळ्या गोष्टी एकाच दिवशी जुळून येत नाहीत. पाट रुंद करून झाला आणि धरणातून आवर्तन सुटायला अजून अवकाश आहे, अशी काहीशी अवस्था पहिल्या काही महिन्यांत असते. त्यात बाई झटकन उठली की रक्त पायांकडे उतरतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

रक्तदाबाची ही उतरण गरोदरपणाच्या मध्यावर सर्वांत खोल असते. पाच-दहा अंकांनी दाब कमी होणं तेव्हा सर्वसाधारण मानतात. शेवटच्या महिन्यांत तो हळूहळू मूळ पातळीवर येतो. म्हणूनच एरवी १२०/८० दाब असणाऱ्या बाईच्या कार्डावर पाचव्या महिन्यात ११०/७० लिहिलेलं दिसलं, तर तेवढ्याने घाबरण्याचं कारण नाही. ‘बीपी लो झालंय’ म्हणून मीठ-साखरेच्या पाण्याचे पेले रिचवण्याचंही नाही.

रक्ताचंही तसंच. त्यातला पाण्याचा भाग बाळंतपणापर्यंत चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी मात्र वीस-तीस टक्क्यांनीच. साहजिकच रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली येतो. निरोगी बाईचाही येतो. हे पातळ होणं कुठवर नैसर्गिक आणि आजार कुठून सुरू, याची रेघ ११ ग्रॅमवर आखलेली आहे. मधल्या तिमाहीत काही तज्ज्ञ १०.५ पर्यंत सूट देतात.

आता प्रसंग. पहिला प्रसंग स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी घडतो. गॅसची धग, चढती दुपार, समोर पोळ्यांचे उंडे आणि एकाच जागी पाऊण तास उभं राहणं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायांतलं रक्त वर ढकलतात. स्थिर उभं राहिलं की हे काम थांबतं. त्यात उष्णतेने वाहिन्या आणखी पसरतात. चक्कर यायला लागणाऱ्या बहुतेक सगळ्या गोष्टी ओट्याशी एकत्र नांदतात. उपाय अगदी साधा आहे : कणीक मळणं, पोळ्या लाटणं, भाजी निवडणं खुर्चीवर बसून करावं. शेकायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी घेतलं तर आकाश कोसळत नाही. रांगेत किंवा बसथांब्यावर उभं राहणं टळणारच नसेल तर टाचा वरखाली कराव्यात, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावं, मांड्या आवळून सोडाव्यात. पोटऱ्या कामाला लागल्या की डोक्याला रक्त पोचतं.

दुसरा प्रसंग न्हाणीघरातला. मराठी घरात कढत पाण्याने न्हाणं हे सुख समजलं जातं, गरोदर बाईला तर ते मुद्दाम दिलं जातं. कढत पाणी आणि वाफेने कोंडलेली छोटी खोली हे जोडीने रक्तदाब उतरवतात. वर फरशी ओली. तिथे पडलं तर मार नुसत्या चकरेपेक्षा किती तरी जास्त लागतो. पाणी कोमट घ्यावं, स्टुलावर बसून अंघोळ करावी आणि आतून कडी लावू नये, दार नुसतं लोटून घ्यावं. लाजेपायी लावलेली कडी मदतीला येणाऱ्याला बाहेरच अडवते.

उकिडवं बसून उठण्यातही धोका आहे. भारतीय पद्धतीचा संडास, कपडे धुणं, फरशी पुसणं या सगळ्यांत बाई खाली बसलेली असते आणि उठते ती एका दमात. उकिडवं बसल्याने बाळंतपण सुलभ होतं या समजुतीने काही घरांत ही कामं मुद्दाम सांगितली जातात. ती करायला हरकत असेल-नसेल ते डॉक्टर ठरवतील. उठताना मात्र कशाला तरी धरून, दोन टप्प्यांत उठावं. सकाळी अंथरुणातून उठतानाही आधी कुशीवर वळावं, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसावं आणि नंतर उभं राहावं.

आणखी एक प्रसंग अगदी निराळा आहे, कारण त्यात बाई उभी नसते, उताणी झोपलेली असते. पाच महिन्यांनंतर वाढलेलं गर्भाशय पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर दाब देऊ लागतं. शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी हीच शीर. ती दबली की हृदयाला रक्त कमी पोचतं आणि काही बायकांना पडल्या पडल्या घाम फुटतो, मळमळतं, जीव घाबरा होतो. सोनोग्राफीच्या टेबलावर शेवटच्या महिन्यांत हे कधी कधी अनुभवाला येतं. बाईला वाटतं, तपासणीच्या भीतीने असं झालं. खरं तर डाव्या कुशीवर वळताच मिनिटभरात बरं वाटतं. सिझेरियन करताना टेबल डावीकडे कलतं ठेवतात किंवा उजव्या कुल्ल्याखाली उशी देतात, तेही याच कारणासाठी. सातव्या महिन्यापासून कुशीवर झोपावं, डाव्या कुशीला पहिली पसंती द्यावी. रात्री जाग आल्यावर आपण उताणं झोपलो होतो असं लक्षात आलं तर घाबरून रात्र काढायची गरज नाही, कूस बदलून पुन्हा झोपावं. गर्भवतींच्या योगवर्गात शवासनही कुशीवरच करून घ्यायला हवं.

उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नकोच. चंद्रपूर, नागपूर, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे दुपारी बारा ते चारमध्ये गरोदर बाईने तपासणीसाठीसुद्धा बाहेर पडू नये, सकाळची वेळ मागून घ्यावी. ताक, लिंबू सरबत, कोकम सरबत, भाताची पेज हे सगळं चालतं. तहान लागण्याची वाट मात्र पाहू नये.

आता रिकाम्या पोटाचा मुद्दा. इथे विज्ञान आणि व्रतवैकल्यं समोरासमोर येतात. गरोदरपणात आईच्या रक्तातली साखर बाळाकडे सतत जात असते. रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास पोट रिकामं राहिलं तर इतरांपेक्षा तिची साखर जास्त लवकर खाली येते आणि शरीर चरबी जाळू लागतं. सकाळी नऊपर्यंत घरातल्या सगळ्यांचे डबे भरून मग चहावर दिवस सुरू करणारी बाई दहा वाजता भोवळ येऊन बसते, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. उशाशी डब्यात दोन बिस्किटं, राजगिऱ्याची वडी किंवा मूठभर फुटाणे ठेवावेत आणि अंथरूण सोडण्याआधी खावेत. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाल्लं की मळमळही आटोक्यात राहते. नुसती साखर किंवा पेढा खाल्ला तर तरतरी येते, पण टिकत नाही. भाकरी-उसळ, दूध-नाचणी, शेंगदाण्याचा लाडू असं काही खाल्लं की तास-दोन तास निभावतात.

मग हरतालिकेचा निर्जळी उपास, वटपौर्णिमा, संकष्टी, रमजानचे रोजे यांचं काय? बहुतेक धर्मपरंपरांनी गर्भवतीला सवलत दिलेली आहे. इस्लाममध्ये रोजे पुढे ढकलायची मुभा आहे आणि आपल्याकडच्या आज्याही ‘पोटुशीला उपास नसतो’ म्हणत आल्या आहेत. सवलत असते, ती वापरायला मात्र संकोच वाटतो. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने समोर ताट वाढून ‘तू जेव’ असं म्हटलं, तर डॉक्टरांच्या दहा सूचनांपेक्षा ते जास्त लागू पडतं.

ग्रहणाची गोष्ट याहून अवघड. वेध लागल्यापासून ग्रहण सुटेपर्यंत गर्भवतीने खायचं नाही, प्यायचं नाही, चिरायचं नाही, हलायचंसुद्धा नाही, असा दंडक कित्येक सुशिक्षित घरांतही पाळला जातो. उकाड्यात तासन् तास पाण्याविना एका जागी बसवून ठेवणं म्हणजे चकरेला बोलावणंच. २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरमध्ये एका गरोदर तरुणीने अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांच्या साथीने हा दंडक उघडपणे मोडला. ग्रहण चालू असताना तिने भाजी चिरली, फळं खाल्ली, पाणी प्यायलं. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. भाजी चिरण्याची बातमी व्हावी यातच दंडकाची पकड किती घट्ट आहे ते कळतं.

सगळ्यात मोठा विषय अर्थात रक्त कमी असण्याचा, आणि त्यावर इथे जास्त वेळ थांबायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के जणींना रक्तक्षय होता. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५०.४ होता. म्हणजे तांबड्या गोळ्या वाटल्या जात असतानाही आकडा खाली आला नाही. २०१८ पासून ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ योजनेत चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, तीत ६० मिलिग्रॅम लोह, असं किमान १८० दिवस द्यायचं ठरलं आहे. बाळंतपणानंतरही आणखी १८० दिवस. गोळी उपकेंद्रात मिळते, अंगणवाडीशी संबंध असलेल्या प्रत्येकीला ती माहीत आहे. मग ती पोटात का जात नाही?

कारणं घराघरांत ऐकायला मिळतात. गोळीने मळमळतं, संडासला खडा होतो, शौचाचा रंग काळा होतो आणि बाई घाबरून गोळी बंद करते. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, त्यात काही वाईट नाही, हे कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर गोळी चालू राहिली असती. ‘गोळीने बाळ काळं होतं’ ही समजूत अजून जिवंत आहे. आणि जिथे गोळी घेतली जाते तिथे ती चहाबरोबर घेतली जाते. चहातलं टॅनिन लोहाला शोषू देत नाही. दुधाचा चहा तर आणखी एक अडचण घेऊन येतो, कारण कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. म्हणून कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नये, मध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत. लोहाची गोळी लिंबू पाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घेतली तर जास्त लोह अंगी लागतं. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. थोडं लोह कमी शोषलं गेलं तरी चालेल, पण गोळी सुटू नये.

गूळ, खजूर, बीट, डाळिंब यांच्यावर मराठी घराचा फार विश्वास आहे. हे पदार्थ चांगलेच आहेत. लोखंडी कढईत केलेल्या पालेभाजीने लोहात भर पडते, हेही खरं. पण हिमोग्लोबिन आठवर आलेलं असताना बीटाच्या रसावर विसंबून राहणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. अकराच्या खाली गेलं की डॉक्टर गोळीची मात्रा वाढवतात, गरज पडली तर शिरेतून लोह देतात. सातच्या खाली गेलं तर रुग्णालयात दाखल होणंच योग्य. विदर्भात आणि नंदुरबार-पालघरसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचाही विचार करावा लागतो. तिथे नुसत्या लोहाने प्रश्न सुटत नाही, रक्ताची तपासणी वेगळी होते आणि काळजीही वेगळी. राज्याने २०१५ मध्ये आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण देणारी डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. विल्सने १९२८ नंतर मुंबईत जे ताडलं होतं, ते ताटातलं उत्तर सरकारी योजनेत यायला इतका काळ लागला.

मध्येच एक आवडता समारंभ. डोहाळजेवणात हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओट्या, गाणी, फोटो, आणि मध्यभागी सात महिन्यांची गरोदर बाई झोपाळ्यावर. ज्या बाईला उभं राहिल्यावर भोवळ येते तिला झोके देण्याची ही हौस कुठून आली कोण जाणे! समारंभ जरूर करावा, पण पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत जिच्यासाठी जेवण आहे तिलाच उपाशी ठेवू नये. तिला आधी जेवू घालावं, पंख्याखाली बसवावं, झोपाळा स्थिर धरावा आणि फोटो चटकन आटपावेत.

कामाच्या जागी हा प्रश्न निराळा होतो, कारण तिथे बसणं स्वतःच्या हातात नसतं. विल्स मुंबईत आली त्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याचा कायदा झाला. स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात तर बाईने मागणी केल्यास तिला फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये असं स्पष्ट लिहिलं गेलं. पण ती तरतूद बाळंतपणाआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांपुरतीच ठेवली गेली. चक्कर सुरू होते ती तिसऱ्या महिन्यात, पोट दिसत नसतं तेव्हा. साड्यांच्या दुकानातली विक्रेती, वाहतूक पोलीस, शाळेतली शिक्षिका, रुग्णालयातली परिचारिका या सगळ्या तेव्हा उभ्याच असतात, आणि ‘अजून कुठे काय दिसतंय’ म्हणून कुणी खुर्ची पुढे करत नाही.

बीडहून साखर कारखान्यांच्या उसाच्या फडात तोडणीला जाणाऱ्या बायकांची हालत याहून वाईट. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकलं की खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे उपाशीपोटी तोड सुरू होते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं असतं. तिथे घेरी आली तर बसायला सावलीही नसते. अशा बाईला ‘भरपूर विश्रांती घ्या’ असं सांगणारा कागद कुचकामी आहे. तिच्यासाठी मुकादमाने गरोदर बाईला मोळी उचलायला लावू नये, हा नियम हवा.

शहरात निदान काही सोयी आहेत. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बायकांना प्रवास करता येतो. खूप जणींना हे माहीत नसतं, माहीत असलं तरी सुरुवातीच्या महिन्यांत डब्यातले लोक हटकतील अशी धास्ती असते. जपानने यावर २००६ मध्ये एक तोडगा काढला. आरोग्य मंत्रालयाने गरोदर बायकांसाठी पर्सला लटकवायचं एक चिन्ह तयार केलं. पोट दिसत नसलं तरी ते चिन्ह पाहून जागा द्यावी, हा त्यामागचा हेतू. लंडनच्या भुयारी रेल्वेतही असा बिल्ला मिळतो. ठाणे-दादर प्रवासात त्याची गरज टोकियोपेक्षा कमी नाही. मध्य आणि पश्चिम रेल्वेने हे करावं, फार खर्चाचं काम नाही.

इथवर ज्या चकरेबद्दल लिहिलं ती बसल्यावर, खाल्ल्यावर, कूस बदलल्यावर जाते. जी जात नाही किंवा एकटी येत नाही, तिच्याबाबत मात्र वेळ घालवू नये. पहिल्या दोन-तीन महिन्यांत चक्कर आली, सोबत ओटीपोटात एका बाजूला कळ उठली, खांद्याच्या टोकाशी दुखलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत रुजलेला असू शकतो. नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेततं. वीस आठवड्यांनंतर चकरेबरोबर डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे ठिपके दिसत असतील, चेहऱ्यावर सूज असेल, तर रक्तदाब कमी झालेला नसून वाढलेला असण्याची शक्यता जास्त. तिथे मीठ-पाणी पाजण्यात वेळ घालवू नये, दाब मोजावा. छातीत धडधड, थोडं चाललं तरी धाप, आडवं झाल्यावर खोकला अशी लक्षणं हृदयाकडे बोट दाखवतात. लहानपणी सांधेतापाने हृदयाच्या झडपा खराब झालेल्या कित्येक बायकांना तो आजार पहिल्यांदा गरोदरपणातच कळतो, कारण तेव्हाच हृदयावरचं काम वाढतं. उलट्या इतक्या की दिवसभर पाणीही टिकत नाही आणि लघवी गडद पिवळी व थोडी होते, तर सलाइनची गरज असते. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या बाईला चक्कर, थरथर, घाम सुटला तर आधी साखर द्यावी, मग मोजावी.

डॉक्टर एक प्रश्न नेहमी विचारतात : डोळ्यांपुढे अंधारी येते की खोली गरगर फिरते? अंधारी येण्यामागे रक्तदाब, रक्त किंवा साखर असते. मान वळवताच खोली फिरत असेल तर दोष कानाच्या आतल्या भागात असू शकतो, आणि त्याचा उपाय निराळा. तपासणीला जाण्याआधी बाईने याचं उत्तर मनाशी ठरवून ठेवावं. साखरेच्या तपासणीबद्दलही एक गोष्ट. सरकारी दवाखान्यात गर्भवतीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी जी तपासणी होते, तिच्यासाठी उपाशी यावं लागत नाही. तरी कित्येक जणी सकाळपासून उपाशी येतात, रांगेत उभ्या राहतात आणि रांगेतच भोवळ येऊन पडतात.

कुणी समोरच घेरी येऊन कोसळली तर काय करावं? तिला सावरून खाली झोपवावं, डाव्या कुशीवर. साडीचा घट्ट काच, ब्लाउजचे हूक सैल करावेत, गर्दी हटवून वारा येऊ द्यावा. शुद्ध पूर्ण येईपर्यंत तोंडात पाणी किंवा साखर घालू नये, श्वासनलिकेत जाईल. कांदा फोडून नाकाशी धरणं, चप्पल हुंगवणं, गालावर चापट्या मारणं हे सगळं सोडून द्यावं. झोपवल्यावर साधी भोवळ मिनिटभरात ओसरते. शुद्ध आली तरी लगेच उभं करू नये, पाच-दहा मिनिटं पडू द्यावं, मग बसवावं, मग काही खायला द्यावं. शुद्ध आली नाही, हातपाय झटकले किंवा पोटावर पडली असेल, तर १०८ वर फोन करावा. गरोदर बायकांसाठी १०२ ची गाडीही मोफत येते. पोटावर मार बसला असेल आणि बाई ‘मला काही झालं नाही’ म्हणत असली तरीही त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. बाळाची हालचाल आणि रक्तस्राव या दोन गोष्टी तिथे पाहिल्या जातात.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन दिवसही याच विषयात येतात, पण त्यांचा उल्लेख फारसा होत नाही. रक्त गेलेलं असतं, झोप झालेली नसते आणि बाळंतीण पहिल्यांदा एकटीच संडासला उठते. सरकारी वॉर्डांमध्ये पडण्याच्या घटना अशा वेळी घडतात. पहिल्यांदा उठताना आई, सासू किंवा परिचारिका, कुणी ना कुणी हाताशी असावं.

पुढच्या प्रकरणांमध्ये प्रत्येक महिन्याचा आहार, गोळ्या, व्यायाम आणि तपासण्या सविस्तर आल्या आहेत. त्या वाचताना नवऱ्यानेही पुस्तक हातात घ्यावं, निदान ओट्याशेजारी खुर्ची ठेवण्यापुरतं तरी. प्रत्येक चक्कर कधी, कुठे आणि काय करताना आली ते माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे तारखेसह लिहावं आणि तपासणीला ते कार्ड न विसरता न्यावं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची तपासणी डॉक्टरांकडून मोफत होते. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन दोन्ही तिथे मोजून मिळतात.